पाणी, ऊन आणि पापुद्र्याचे कार्बाइड

‘कार्बाइड’ हा शब्द आपल्याकडे घरोघर माहीत झाला तो आंब्यामुळे. वैशाखात पेठेत आंब्याची पेटी उघडली, की ‘अढीतला आहे ना? कार्बाइडचा नको,’ असे बजावणारे गिऱ्हाईक हटकून भेटते. ज्याच्याविषयी ही तक्रार असते ते कॅल्शियम कार्बाइड होय. या करड्या खड्यांना पाण्याचा अंश लागला की त्यांतून ॲसिटिलीन वायू निघू लागतो. याच वायूवर जळणारे जत्रेतले व सायकलीवरचे दिवे जुन्या मंडळींना आठवत असतील. फळे पिकविण्यासाठी हे खडे वापरण्यास आपल्या देशात कायद्याने मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. परंतु एका भावंडाच्या वर्तनावरून सबंध कुळाची परीक्षा करू नये. कार्बनाचा एखाद्या धातूशी संयोग झाला की जे संयुग तयार होते त्याला कार्बाइड म्हणतात, आणि या कुळात नाना स्वभावांची मंडळी आहेत. कॅल्शियमचे कार्बाइड पाण्यात टिकत नाही; उलट टायटॅनियम, मॉलिब्डेनम, टंग्स्टन अशा, मूलद्रव्यांच्या कोष्टकाच्या मधल्या भागात बसणाऱ्या, म्हणजे संक्रमणी धातूंची कार्बाइडे दगडाहून कठीण, उष्णतेला दाद न देणारी आणि तरीही धातूसारखी वीज वाहून नेणारी असतात. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर काम करणारा कारागीर ज्या कार्बाइडच्या टिपेने पोलाद कापतो ती टंग्स्टन कार्बाइडची. या दुसऱ्या घराण्यातील काही पदार्थ गेल्या पंधरा वर्षांत अणूंच्या चार-पाच थरांइतक्या पातळ पापुद्र्यांच्या रूपाने हाती आले, आणि ऊन व पाणी यांच्यापासून इंधन मिळविण्याच्या जुन्या खटपटीत त्यांनी आपली जागा करून घेतली. ती जागा नेमकी कोणती आणि किती मोठी, हे आम्ही येथे पाहणार आहोत.

या कथेतील पहिले मोठे नाव आंरी म्वासां या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाचे. १८८६ साली पॅरिसमध्ये त्याने फ्लोरीन हा वायू प्रथम मोकळा केला. त्यापूर्वी या वायूच्या मागे लागलेल्यांपैकी कित्येकांनी प्रकृती गमावली आणि बेल्जियमचा लुये व फ्रान्सचा निक्लेस यांनी तर प्राण गमावले. कारण फ्लोरीन मिळवायचा तो हायड्रोफ्लोरिक आम्लापासून, आणि हे आम्ल काचेलाही खाते. म्वासांने त्यासाठी प्लॅटिनमचे पात्र वापरले व ते शून्याखाली पन्नास अंशांपर्यंत थंड केले. पुढे याच गृहस्थाने विजेच्या ठिणगीवर चालणारी भट्टी सिद्ध केली. तिच्यात त्याला खरे म्हणजे कृत्रिम हिरे करावयाचे होते. हिऱ्यांचे काम काही साधले नाही. परंतु सुमारे ३,५०० अंशांच्या त्या उष्णतेत धातू आणि कोळसा एकत्र तापवून त्याने एकामागून एक कार्बाइडे तयार केली. कॅल्शियमचे, टंग्स्टनचे, मॉलिब्डेनमचे, टायटॅनियमचेही. १९०६ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले, आणि ते फ्लोरीन व ही विद्युत्‌भट्टी या दोन्ही कामांसाठी. दोन-अडीच महिन्यांतच, १९०७ च्या फेब्रुवारीत, तो वारला. त्याच्या आयुष्यातील ही दोन कामे शंभर वर्षांनंतर एकाच पात्रात एकत्र येणार होती, हे त्याच्या ध्यानीमनीही नसावे.

टायटॅनियमविषयी येथे दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण ते आपल्या अगदी शेजारचे आहे. इंग्लंडातील कॉर्नवॉलचा पाद्री विल्यम ग्रेगर याला १७९१ साली ओढ्यातील काळ्या वाळूत हे मूलद्रव्य आढळले, आणि पुढे १७९५ साली बर्लिनच्या क्लाप्रोथने त्याला टायटॅनियम हे नाव दिले. तशीच काळी वाळू, जिच्यात इल्मेनाइट नावाचे टायटॅनियमचे धातुक असते, रत्नागिरीच्या किनाऱ्यावर काळबादेवी, मालगुंड या भागांत आहे. या धातूचे ऑक्साइड म्हणजे आपल्या भिंतींच्या पांढऱ्या रंगातील पांढरी भुकटी. तेव्हा टायटॅनियमला दुर्मिळ म्हणता येणार नाही, आणि प्लॅटिनमच्या तुलनेत तर नाहीच नाही. या गोष्टीला पुढे महत्त्व आहे.

आता उन्हाकडे वळू. उन्हापासून थेट इंधन करावे हा विचार अलीकडचा आहे अशी समजूत दिसते. ती खरी नव्हे. इटलीतील बोलोन्या विद्यापीठाचे जाकोमो चामिचान हे आपल्या संस्थेच्या गच्चीवर काचेच्या चंबूंत निरनिराळी द्रव्ये भरून ती वर्षानुवर्षे उन्हात ठेवीत आणि त्यांत काय फरक पडतो ते पाहत. १९१२ साली न्यूयॉर्क येथे भरलेल्या रसायनशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत त्यांनी भविष्यकाळातील प्रकाशरसायन या विषयावर व्याख्यान दिले. दगडी कोळसा म्हणजे प्राचीन काळी साठविलेले ऊनच. तो कधीतरी संपणार, मग रोज फुकट पडणारे ऊन का वापरू नये, असा त्यांचा सवाल होता. वैराण मुलखांत काचेच्या नळ्यांची शेते उभी राहतील, धूर नसलेले कारखाने चालतील, असे चित्र त्यांनी रंगविले. त्या काळी कोळशाचे साम्राज्य पूर्ण भरात होते, आणि दोनच वर्षांनी महायुद्ध सुरू झाले. व्याख्यान छापले गेले. त्याचा पाठपुरावा व्हावयास अर्धे शतक जावे लागले.

तो पाठपुरावा जपानात झाला. १९६७ साली टोकियो विद्यापीठात केनिची होंडा यांच्या हाताखाली अकिरा फुजिशिमा नावाचा विद्यार्थी काम करीत होता. टायटॅनियम ऑक्साइडचा स्फटिक पाण्यात बुडवून तो तारेने प्लॅटिनमच्या पत्र्याशी जोडावा आणि स्फटिकावर प्रखर प्रकाश टाकावा, असा त्याचा प्रयोग होता. प्रकाश पडताच स्फटिकावरून प्राणवायूचे आणि प्लॅटिनमवरून हायड्रोजनचे बुडबुडे येऊ लागले. बाहेरून पुरेशी वीज न देता पाणी फुटत होते, आणि स्फटिक झिजतही नव्हता. प्रारंभी जाणत्या मंडळींनी यावर फारसा विश्वास ठेवला नाही, असे फुजिशिमा यांनी पुढे सांगितले आहे. १९७२ साली हा निबंध ‘नेचर’ या नियतकालिकात आला. १९७३ च्या अखेरीस अरब राष्ट्रांनी तेल रोखले आणि पेट्रोलसाठी रांगा लागल्या. मग मात्र त्या निबंधाचे वाचक एकाएकी वाढले. गरज लागल्यावाचून जग शोधाकडे वळून पाहत नाही, याचे इतके उघड उदाहरण क्वचितच सापडेल.

या प्रयोगात घडते काय, हे समजून घेतल्याशिवाय पुढचा इतिहास कळणार नाही. टायटॅनियम ऑक्साइड हा अर्धवाहक पदार्थ आहे. त्यातील इलेक्ट्रॉन एरवी जागच्या जागी बांधलेले असतात. पुरेशा शक्तीचा प्रकाशकण आदळला की एखादा इलेक्ट्रॉन उचलला जाऊन मोकळा होतो आणि मागे रिकामी जागा राहते. मोकळा इलेक्ट्रॉन पाण्यातून हायड्रोजन सोडवू शकतो, आणि रिकामी जागा पाण्याकडून इलेक्ट्रॉन ओढून प्राणवायू मोकळा करू शकते. पण येथे दोन अडचणी आहेत. पहिली अशी, की टायटॅनियम ऑक्साइडला पुरेशी शक्ती फक्त जंबुपार किरणांत सापडते, आणि ते आपल्या उन्हात शंभरातील चार-पाच भागच असतात. बाकीचे सगळे ऊन या स्फटिकाला असून नसल्यासारखे. दुसरी अडचण अधिक खोल आहे. सुटलेला इलेक्ट्रॉन बहुधा डोळ्याचे पाते लवण्याच्या पुष्कळ आधी परत आपल्या जागेवर जाऊन बसतो आणि घेतलेली शक्ती उष्णतेच्या रूपाने वाया जाते. त्याला परत जाऊ न देता चटकन दुसरीकडे नेणारी वाट हवी, आणि त्या वाटेच्या टोकाला हायड्रोजन तयार होण्याजोगी जागा हवी. ही जागाही बेताची असावी लागते. हायड्रोजनचा अणू तेथे चिकटलाच नाही तर काम होत नाही, आणि घट्ट चिकटून बसला तरी होत नाही. उतारूने गाडीत चढावे, पण आपले ठिकाण आले की उतरावेही, तसेच हे. या कामात प्लॅटिनमचा हात धरणारा नाही. दुर्दैव एवढेच, की प्लॅटिनम जगात फार थोडे आहे आणि त्याचा बहुतेक पुरवठा दक्षिण आफ्रिकेतील खाणींतून होतो.

म्हणून प्लॅटिनमला पर्याय शोधणे हा या विषयाचा कायमचा धंदा होऊन बसला. आणि आश्चर्य असे, की पर्यायाची खूण १९७३ सालीच मिळालेली होती. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे लेव्ही आणि बुदार यांनी दाखविले, की टंग्स्टन धातू ज्या क्रिया घडवून आणू शकत नाही आणि प्लॅटिनम सहज घडविते, त्यांपैकी काही टंग्स्टनचे कार्बाइड घडवून आणते. धातूच्या जाळीत कार्बन शिरला, की धातूचा स्वभाव प्लॅटिनमकडे झुकतो. अर्थात जुन्या पद्धतीची कार्बाइडे भट्टीत भाजलेली, जाड कणांची; क्रिया होते ती फक्त पृष्ठभागावर, आतला सगळा ऐवज बिनकामाचा.

कार्बाइडाचा पृष्ठभाग वाढवायचा तर त्याचे अभ्रकासारखे पापुद्रे सोडविता आले पाहिजेत. परंतु टायटॅनियम कार्बाइडाला पापुद्रेच नाहीत. तो चोहोबाजूंनी सारखाच घट्ट विणलेला आहे. पापुद्र्यांची सोय निसर्गात नव्हे तर व्हिएन्नातील एका प्रयोगशाळेत झाली होती. हान्स नोवोत्नी आणि त्यांचे सहकारी यांनी १९६० नंतरच्या दशकात नव्या कार्बाइडांची व नायट्राइडांची शंभराहून अधिक संयुगे नोंदविली. त्यांतील एका जातीत कार्बाइडाचे पातळ थर आणि त्यांच्यामध्ये ॲल्युमिनियम किंवा सिलिकॉन यांसारख्या दुसऱ्या मूलद्रव्याचा एकेक अणूचा थर, अशी रचना होती. पुरणपोळीत पारी आणि पुरण असावे तशी. नोवोत्नींनी त्यांची रचना ठरविली, कोष्टके केली, आणि प्रकरण तेथेच मिटले. जवळजवळ तीस वर्षे ही संयुगे ग्रंथालयातच राहिली. आम्हांला या तीस वर्षांचे विशेष वाटते. नोवोत्नींच्या कामाचा ‘उपयोग काय’ असे त्या काळी कोणी विचारले असते, तर त्यांच्यापाशी उत्तर नव्हते. पण त्यांची कोष्टके नसती तर पुढचे काहीच झाले नसते. संशोधनावर पैसा खर्च करताना दर वर्षाअखेर फळ मागणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात घ्यावी.

१९९६ साली फिलाडेल्फियातील ड्रेक्सेल विद्यापीठात मिशेल बारसूम आणि अल-रागी यांनी या जातीतील टायटॅनियम-सिलिकॉन-कार्बन हे संयुग शुद्ध, भरीव स्वरूपात तयार केले. ते चिनीमातीच्या वस्तूंप्रमाणे उष्णतेत टिकणारे, पण साध्या करवतीने कापता येणारे आणि वीज वाहून नेणारे निघाले. विसरलेल्या कुळाचा पुनरुद्धार झाला. त्यानंतर पंधरा वर्षांनी त्याच विद्यापीठात बारसूम, मूळचे कीव्हचे यूरी गोगोत्सी आणि त्यांचा विद्यार्थी मायकेल नगीब यांनी, विजेऱ्यांना चांगला पदार्थ मिळावा या हेतूने, टायटॅनियम-ॲल्युमिनियम-कार्बन या संयुगाची भुकटी हायड्रोफ्लोरिक आम्लात टाकली. दोन तासांत आम्लाने ॲल्युमिनियमचा थर तेवढा खाऊन टाकला. टायटॅनियम आणि कार्बन यांची पकड घट्ट असल्यामुळे कार्बाइडाचे थर तसेच शिल्लक राहिले. पोळीतले पुरण काढून पाऱ्या शाबूत ठेवाव्यात, असा हा प्रकार. सूक्ष्मदर्शकाखाली भुकटीचा कण उघडलेल्या पोथीच्या पानांसारखा दिसू लागला. ही पाने सुटी केली की एकेक पान सुमारे एक नॅनोमीटर जाड, म्हणजे टायटॅनियमचे तीन व कार्बनचे दोन असे पाच थर. १८८६ चे म्वासांचे आम्ल आणि त्याच म्वासांच्या भट्टीतले कार्बाइड यांची ही भेट २०११ साली झाली. मूळ संयुगांना इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘मॅक्स’ म्हणत. मधले अक्षर म्हणजे ॲल्युमिनियम काढून टाकल्यावर उरलेल्या पदार्थाला, कार्बनच्या एकपदरी ग्राफीनच्या धर्तीवर, ‘मॅक्सीन’ हे नाव पडले.

ग्राफीनला तेव्हा नुकतेच, २०१० साली, नोबेल मिळाले होते, त्यामुळे पातळ पदार्थांची लाटच होती. परंतु मॅक्सीनचा एक गुण ग्राफीनमध्ये नाही. आम्लातून निघताना त्याच्या दोन्ही अंगांना ऑक्सिजन, हायड्रॉक्सिल आणि फ्लोरीन यांचे अणू चिकटतात; म्हणून ते पाण्यात सुखाने मिसळते, आणि वीजही उत्तम वाहते. वीज वाहणारा पण पाण्याशी सख्य असणारा पापुद्रा, ही दुर्मिळ जोडी आहे. २०१४ साली ड्रेक्सेलच्याच मंडळींनी लिथियम फ्लोराइड व हायड्रोक्लोरिक आम्ल वापरून तो ओल्या मातीसारखा लाटता येईल अशा रूपात मिळविला. विजेऱ्या, विद्युत्‌धारक वगैरेंत त्याने पुढे बरीच मजल मारली. तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे.

प्रकाशाच्या कामी मॅक्सीन एकटे उपयोगाचे नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे, कारण वृत्तपत्रांत याबाबत घोटाळा होतो. टायटॅनियमचे हे कार्बाइड धातूसारखे आहे, अर्धवाहक नव्हे; प्रकाश झेलून इलेक्ट्रॉन आणि रिकामी जागा यांची जोडी टिकविणे त्याला जमत नाही. त्याचे काम प्लॅटिनमच्या जागेवरचे आहे: दुसऱ्याने सोडविलेला इलेक्ट्रॉन झटकन उचलून नेणे आणि त्याच्यासाठी हायड्रोजन बनण्याची जागा देणे. २०१७ साली ऑस्ट्रेलियातील ॲडिलेड विद्यापीठातील छ्याव शीझांग यांच्या गटाने कॅडमियम सल्फाइड या पिवळ्या पदार्थावर टायटॅनियम कार्बाइडाचे सूक्ष्म कण बसविले. कॅडमियम सल्फाइड दृश्य प्रकाश झेलतो, म्हणजे पहिली अडचण दूर झाली. कार्बाइडाने दुसरी दूर केली. नुसत्या सल्फाइडापेक्षा सुमारे १३६ पट हायड्रोजन निघाला, आणि ४२० नॅनोमीटरच्या निळसर-जांभळ्या प्रकाशात शंभर प्रकाशकणांपैकी सुमारे चाळीस कामी आले. प्लॅटिनमचा कणही न वापरता. त्याच सुमारास, २०१६ साली, मॉलिब्डेनमचे पापुद्र्याचे कार्बाइड विजेच्या साह्याने पाण्यातून हायड्रोजन काढण्यात टायटॅनियमच्या भावंडाहून सरस असल्याचे दाखविण्यात आले.

आता या आकड्यांकडे जरा रोखून पाहू. ॲडिलेडच्या प्रयोगातील पात्रात नुसते पाणी नव्हते. त्यात लॅक्टिक आम्ल, म्हणजे दह्याच्या आंबटपणाचे आम्ल, मिसळलेले होते. इलेक्ट्रॉन निघून गेल्यावर ज्या रिकाम्या जागा उरतात त्या हे आम्ल भरून काढते, आणि पाण्यातून प्राणवायू सोडविण्याचे अवघड काम करावेच लागत नाही. शिवाय तसे न केले तर त्या रिकाम्या जागा कॅडमियम सल्फाइडालाच खाऊन टाकतात. प्रयोगशाळेत एका बाजूची क्रिया तपासण्यासाठी ही रीत रास्त आहे आणि ॲडिलेडकरांनी ती लपविलेलीही नाही. परंतु त्याला पाण्याचे विघटन म्हणता येत नाही. हायड्रोजन मिळविताना तेथे दुसरे एक द्रव्य खर्ची पडते. पाणी खरोखर फुटले असेल तर हायड्रोजनच्या दोन भागांमागे प्राणवायूचा एक भाग निघालाच पाहिजे. म्हणून ‘पाण्यापासून इंधन’ अशी बातमी वाचली, की ‘प्राणवायू किती निघाला?’ एवढे विचारावे. त्यासाठी शास्त्रज्ञ असण्याची जरूर नाही, आणि त्या एका प्रश्नाने पुष्कळ बातम्यांची हवा जाईल.

हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नाही. आज जगात वापरला जाणारा बहुतेक हायड्रोजन नैसर्गिक वायू आणि कोळसा यांच्यापासून काढतात. त्यातून कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. आपल्या सरकारने २०२३ च्या जानेवारीत हरित हायड्रोजनची राष्ट्रीय मोहीम मंजूर केली. तिच्यासाठी १९,७४४ कोटी रुपये ठरविले आणि २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचे लक्ष्य ठेवले. हा हरित हायड्रोजन प्रामुख्याने वाऱ्याच्या किंवा उन्हाच्या विजेने पाणी फोडून करावयाचा आहे. प्रकाशाने थेट पाणी फोडण्याची पद्धत त्याच्या मागे आहे, आणि ती किती मागे आहे याचे मापही उपलब्ध आहे. टोकियो विद्यापीठाचे काझुनारी डोमेन आणि सहकारी यांनी शंभर चौरस मीटरचे उघड्यावरील पत्रे मांडून, ॲल्युमिनियम मिसळलेल्या स्ट्रॉन्शियम टायटनेटने नुसते पाणी फोडले, आणि २०२१ साली त्याचा वृत्तांत दिला. निघालेले दोन्ही वायू वेगळे केले. काही महिने हे यंत्र चालले. उन्हाच्या शक्तीपैकी हायड्रोजनमध्ये उतरलेला जास्तीत जास्त भाग शेकडा ०.७६. आकडा लहान आहे, पण खणखणीत आहे. आमच्या मते आंबट पाण्यातल्या १३६ पटींहून त्याची किंमत अधिक. त्यात कार्बाइडाचा पापुद्रा नव्हता, हेही नमूद केले पाहिजे.

कार्बाइडाच्या पापुद्र्यापुढे आणखी दोन अडसर आहेत. एक टिकाऊपणाचा. पाणी आणि हवा यांच्या सहवासात तो हळूहळू गंजतो. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत उघड्या बाटलीत ठेवलेले त्याचे द्रावण पंधरवड्यात निकामी झालेले आढळले, आणि उरले काय? टायटॅनियम ऑक्साइड, म्हणजे फुजिशिमांचाच पदार्थ. काहींनी या दोषाचाच उपयोग करून घेतला: पापुद्रा मुद्दाम अर्धवट गंजवावयाचा, म्हणजे प्रकाश झेलणारे ऑक्साइड आणि वीज नेणारे कार्बाइड एकमेकांना जन्मतःच चिकटलेले मिळतात. परंतु जो पदार्थ वर्षानुवर्षे उन्हात व पाण्यात राहावयाचा, त्याला हा इलाज पुरा पडत नाही. २०२१ साली ड्रेक्सेलमध्ये मूळ संयुग करतानाच ॲल्युमिनियम जास्त घालून पाहिले, तेव्हा पापुद्रे अधिक निर्दोष निघाले आणि त्यांचे पाण्यातील द्रावण साध्या हवेत दहा महिने टिकले. पंधरवड्यावरून दहा महिने ही प्रगती थोडी नव्हे. अर्थात बाटलीत टिकणे वेगळे आणि भर उन्हात राबत टिकणे वेगळे.

दुसरा अडसर त्या आम्लाचा. हायड्रोफ्लोरिक आम्ल कातडीवर पडले तर कित्येकदा लगेच वेदनाही होत नाहीत. ते आत झिरपून हाडातील व रक्तातील कॅल्शियम पकडते, आणि माणूस दगावूही शकतो. स्वच्छ इंधनासाठी लागणारा पदार्थ जर टनावारी अशा आम्लात धुऊन काढावयाचा असेल, तर ती स्वच्छता कारखान्यातील कामगाराच्या जिवावर बेतते आणि उरलेले सांडपाणी कोठल्यातरी नदीला भोगावे लागते. आपल्याकडे नद्यांनी असे पुष्कळ भोगले आहे. म्हणून या पापुद्र्यांच्या इतिहासातील आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटणारी प्रगती प्रकाशाच्या प्रयोगांत नसून त्यांच्या घडणीत आहे. २०१९ आणि २०२० या साली चीनमधील निंगबो येथील व अन्य संशोधकांनी जस्त, तांबे इत्यादींच्या वितळलेल्या क्लोराइडांत ॲल्युमिनियमचा किंवा सिलिकॉनचा थर काढून दाखविला. त्यात फ्लोरीनचे नावही नाही. आणि २०२३ साली शिकागो विद्यापीठातील तालापिन यांच्या गटाने मधला थर घालून पुन्हा काढण्याची खटपटच टाळली: टायटॅनियमच्या तापलेल्या पत्र्यावर मिथेन आणि टायटॅनियम टेट्राक्लोराइड यांच्या वाफा सोडल्या, तेव्हा कार्बाइडाचे पापुद्रे आम्लावाचून थेट पत्र्यावर उभे वाढले.